पॉइंट शूज : पाऊल आणि जोडा एकमेकांना कसे रुळतात

बॅले या युरोपीय अभिजात नृत्यप्रकारात नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकांवर सगळ्या शरीराचा भार तोलून उभी राहते, चालते आणि गिरक्या घेते. या नृत्यपद्धतीला ‘पॉइंट’ म्हणतात, आणि तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, टोकाशी कडक व सपाट असलेल्या साटीनच्या जोड्यांना ‘पॉइंट शूज’. प्रेक्षागृहातून पाहणाऱ्याला असे वाटण्याचा संभव असतो की, नर्तकीला उचलून धरण्याचे काम हा जोडाच करतो आणि तो पायात चढवला की उरलेले आपोआप साधते. प्रत्यक्षात दुकानातून आणलेला नवा जोडा इतका ताठ असतो की, तो घालून सपाट जमिनीवर चार पावले नीट टाकणेही अवघड जाते. उलट तो पुरेसा नरम होऊन पायाशी एकरूप झाला की त्याचे आयुष्य बहुधा संपत आलेले असते. या दोन टोकांच्या मधला काळ लांबवणे आणि त्या काळात पाऊल व जोडा यांना परस्परांची सवय लावणे यालाच जोडा रुळवणे म्हणतात. हे रुळवणे म्हणजे जोडा सरसकट मऊ करणे नव्हे. पाऊल जिथे वाकते तिथेच जोडा वाकला पाहिजे आणि पाऊल जिथे टेकते तिथे तो ताठ राहिला पाहिजे, या एकाच तत्त्वावर पुढचे सारे तंत्र उभे आहे.

मऊ चपलेपासून कडक टोकापर्यंत

बोटांच्या टोकांवर उभे राहण्याची कल्पना कडक जोड्यापेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल दिदलो या नृत्यरचनाकाराने नर्तकांना तारांच्या साहाय्याने रंगमंचावर अधांतरी उचलण्याची यंत्रणा वापरली. १७९६ मध्ये लंडनमध्ये सादर झालेल्या त्याच्या ‘फ्लोर आणि झेफिर’ या बॅलेत हवेत झेपावण्यापूर्वी नर्तकांची बोटे क्षणभर जमिनीला टेकलेली दिसत, आणि त्या क्षणिक दृश्याचा परिणाम असा झाला की, पुढच्या पिढीतील काही नर्तकी तारेचा आधार न घेता तसे उभे राहण्याचा प्रयत्न करू लागल्या. या कसरतीला कलेचे रूप देण्याचे श्रेय मारी तालिओनी हिला दिले जाते. वडील फिलिप्पो तालिओनी यांनी तिच्यासाठी रचलेला ‘ला सिल्फिद’ हा बॅले १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात रंगला आणि त्यात टोकावर उभे राहणे हे ताकदीचे प्रदर्शन न राहता अमानवी, वायुरूप अशा नायिकेच्या स्वभावाचाच भाग झाले.

तालिओनीच्या पायातला जोडा मात्र आजच्या पॉइंट शूजसारखा नव्हता. तो पातळ चामड्याच्या तळाचा, साटीनचा मऊ जोडा होता आणि त्याच्या टोकाच्या बाजूंना व खालून दाट धागा भरलेला असे. कापड फाकू नये एवढेच काम ती शिवण करी. भार पेलण्याचे काम पूर्णपणे पावलाचे आणि पोटऱ्यांचे होते, आणि म्हणूनच त्या काळातील पॉइंटवरच्या अवस्था अल्पकाळ टिकणाऱ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील कारागिरांनी टोकाला कापडाचे थर देऊन ते अधिक घट्ट केले आणि त्यामुळे इटालियन नर्तकींना एका पायावर अनेक गिरक्या घेणे शक्य झाले. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’च्या नव्या प्रयोगात पिएरीना लेन्यानी हिने सलग ३२ फुएते केले, म्हणजे एक पाय हवेत चाबकासारखा फिरवून त्या झटक्याने दुसऱ्या पायाच्या टोकावर गिरक्या घेतल्या, आणि ती संख्या त्या भूमिकेशी कायमची जोडली गेली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी आना पावलोवा (१८८१–१९३१) हिने या जोड्यात आणखी एक महत्त्वाचा बदल केला. तिच्या पावलांची कमान फार उंच होती आणि पाऊल निमुळते असल्यामुळे सारा भार अंगठ्यावर एकवटत असे. त्यावर उपाय म्हणून तिने जोड्यात कडक चामड्याचा तळ घालून घेतला आणि टोक सपाट व टणक करून घेतले. समकालीनांपैकी काहींना ही लबाडी वाटली, परंतु आधार वाढवण्याची तीच रीत पुढे सर्वमान्य झाली. न्यूयॉर्कमध्ये १८८७ पासून जोडे बनवणारे साल्व्हातोरे कापेझिओ आणि लंडनमध्ये १९२९ साली काम सुरू करणारे फ्रेडरिक फ्रीड यांच्यासारख्या कारागिरांच्या हातून आजच्या पॉइंट शूजचे रूप स्थिर झाले.

जोड्याची रचना

पॉइंट शूजमध्ये लोखंड किंवा लाकूड असते असा एक जुना समज आहे. पारंपरिक जोड्याचा कडकपणा मात्र मुख्यतः खळ, कापड आणि कागद यांच्यातून येतो. बोटांभोवतीच्या कडक कोशाला ‘बॉक्स’ म्हणतात. गोणपाट, सुती कापड आणि कागद यांचे थर खळीत किंवा सरसात भिजवून, एकावर एक बसवून आणि वाळवून तो तयार होतो. बॉक्सच्या सपाट टोकाला, ज्यावर नर्तकी प्रत्यक्ष उभी राहते त्याला, ‘प्लॅटफॉर्म’ अशी संज्ञा आहे. बोटांच्या वरचा झाकलेला भाग म्हणजे ‘व्हॅम्प’, आणि बॉक्सच्या दोन्ही बाजूंना मागे जाणारे कडक पंख म्हणजे ‘विंग्ज’. तळव्याखाली आतल्या बाजूने पुठ्ठ्याची किंवा चामड्याची एक ताठ पट्टी असते, तिला ‘शँक’ म्हणतात. पाऊल पॉइंटवर उभे असताना त्याच्या कमानीला पाठीमागून टेकू देणे हे तिचे काम. शँकची लांबी आणि कडकपणा कमीअधिक असतो व नर्तकीच्या ताकदीनुसार तिची निवड केली जाते.

पारंपरिक जोडा उलट्या बाजूने घडवला जातो. कारागीर कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, साटीन आतली बाजू वर करून चढवतो, बॉक्सचे थर बसवतो, टोकाशी जमलेल्या कापडाच्या बारीक चुण्या घालून तळ शिवतो, आणि नंतर ओला असतानाच तो जोडा उलटवून सुलटा करतो. त्यानंतर हातोडीने टोक सारखे करून जोडे उबदार भट्टीत वाळवले जातात. हे काम हाताचे असल्यामुळे एकाच मापाच्या दोन जोड्यांत सूक्ष्म फरक राहतो. म्हणूनच फ्रीडच्या जोड्यांच्या तळावर नांगर किंवा घंटा यांसारखे कारागिराचे चिन्ह उमटवलेले असते आणि अनेक व्यावसायिक नर्तकी वर्षानुवर्षे एकाच कारागिराचे जोडे मागवतात. बहुतेक पॉइंट शूजमध्ये डावा आणि उजवा असा भेदही नसतो. दोन्ही जोडे सारखेच असतात आणि वापराने त्यांतला एक डाव्या पायाचा व दुसरा उजव्या पायाचा बनतो.

भार कसा पेलला जातो हे समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. प्लॅटफॉर्मचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर धरले आणि ५० किलो वजनाची मुलगी एका पायावर उभी आहे असे मानले, तर दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो भार येतो. हा सगळा भार बोटांच्या टोकांवर आला तर ती काही क्षणही उभी राहू शकणार नाही. योग्य मापाच्या जोड्यात तसे होत नाही, कारण पुढे निमुळते होत जाणारे पाऊल बॉक्सच्या बाजूंमध्ये घट्ट बसते आणि भाराचा मोठा वाटा चवड्याच्या दोन्ही कडांनी घेतला जातो. उरलेले काम शरीराच्या रेषेचे आहे. गुरुत्वमध्यातून खाली जाणारी लंबरेषा त्या लहानशा प्लॅटफॉर्ममधून गेली पाहिजे, आणि त्यासाठी घोटा, गुडघा, कटी आणि पाठ यांचे स्नायू सतत जागे असावे लागतात.

पाऊल तयार आहे का

म्हणूनच जोडा निवडण्याआधी पावलाची परीक्षा करावी लागते. बालवयात पावलातील हाडांची टोके पूर्णपणे टणक झालेली नसतात. हाडांच्या वाढीचे पट्टे किशोरवयात हळूहळू बंद होत जातात आणि त्या काळात अतिरेकी व चुकीचा भार आला तर इजेची शक्यता वाढते. यावरून अमुक वय झाले की पॉइंट सुरू करावा असा ढोबळ नियम रूढ झाला. नृत्यवैद्यक आणि नृत्यविज्ञान या विषयांतील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत बारा वर्षांपूर्वी पॉइंट सुरू करू नये असे म्हटले आहे. परंतु त्याच सूचना हेही स्पष्ट करतात की, वय ही केवळ खालची मर्यादा आहे; आठव्या वर्षी किंवा त्यानंतर शिक्षण सुरू करून आठवड्यातून दोनदा वर्गाला येणाऱ्या मुलीने चौथ्या वर्षी पॉइंटकडे वळावे, आणि जिच्या घोट्याची व पावलाची रचना अनुकूल नाही किंवा जिचे धड व पाय कमकुवत आहेत तिच्यासाठी आधी ताकद वाढवावी.

तयारी पाहण्याच्या काही साध्या कसोट्या आहेत. पहिली कसोटी घोट्याच्या हालचालीची असते. पाऊल ताणल्यावर पावलाची वरची बाजू नडगीच्या सरळ रेषेत येते का, हे पाहिले जाते, कारण घोटा तेवढा उघडत नसेल तर नर्तकीला प्लॅटफॉर्मवर पूर्ण पोहोचताच येत नाही आणि ती त्याच्या मागच्या कडेवर लटकत राहते. दुसरी कसोटी ताकदीची. एका पायावर टाच न डगमगता अनेक वेळा उचलता येणे, एका पायावर गिरकी घेऊन तोल राखता येणे, आणि एका पायावर लागोपाठ उड्या मारताना धड व गुडघा सरळ रेषेत राहणे, या गोष्टी शिक्षक तपासतात. यात एका स्नायूचे महत्त्व विशेष आहे. पोटरीच्या खोल भागातून निघून घोट्याच्या आतल्या बाजूने वळसा घेत अंगठ्यापर्यंत जाणारा, अंगठा खाली दाबणारा हा स्नायू टोकावर उभे राहताना पावलाला स्थिर ठेवतो. त्याच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, नर्तकींमध्ये वारंवार सूज येते.

मापाची निवड

पॉइंट शूजचे माप घेताना नेहमीच्या पादत्राणांचे नियम चालत नाहीत. वाढत्या मुलीसाठी चप्पल किंवा बूट एक माप मोठा घेण्याची आपल्याकडील घरोघरची रीत येथे धोक्याची ठरते, कारण सैल बॉक्समध्ये पाऊल खाली घसरते आणि सारा भार बोटांच्या टोकांवर येतो. सपाट उभे राहिल्यावर बोटे बॉक्समध्ये लांब आणि सरळ असावीत, टोकाला त्यांचा हलका स्पर्श व्हावा, परंतु ती मुडपलेली नसावीत. गुडघे वाकवून खाली बसण्याच्या अवस्थेत, म्हणजे ‘प्लिए’मध्ये, पाऊल सर्वांत लांब होते, म्हणून लांबी त्या अवस्थेत तपासतात, उलट पॉइंटवर गेल्यावर पाऊल आखडते आणि टाचेपाशी चिमटीत धरता येईल इतके कापड सुटते, ते योग्यच समजले जाते.

बोटांची ठेवणही पाहावी लागते. अंगठा सर्वांत लांब आणि पुढची बोटे उतरत्या क्रमाने असलेल्या पावलाला इजिप्शियन, दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असलेल्या पावलाला ग्रीक, आणि पहिली दोन-तीन बोटे जवळजवळ समान लांबीची असलेल्या पावलाला जिझेल पाऊल असे म्हणण्याचा प्रघात आहे. यांपैकी शेवटच्या प्रकाराला रुंद बॉक्स लागतो आणि त्यावर भार सर्वांत समान वाटला जातो. पहिल्या दोन प्रकारांत लांब बोटाला कापसाची, लोकरीची किंवा जेलची छोटी गादी देऊन बाकीच्या बोटांशी त्याची बरोबरी साधावी लागते. मात्र या गाद्या जाड झाल्या की पावलाला जमीन जाणवत नाही आणि तोल सांभाळणे कठीण होते, म्हणून कमीत कमी गादीत काम भागेल असा जोडा हाच चांगला जोडा.

रुळवण्याची क्रिया

शिक्षकाने जोडा पायात पाहून मान्य केल्यावरच त्याला फिती शिवायच्या असतात, कारण शिवलेला किंवा मळलेला जोडा दुकानदार परत घेत नाही. टाचेकडची बाजू आत तळावर दुमडली की जिथे घडी पडते तिथे साटीनच्या फिती किंचित पुढे कलत्या ठेवून अस्तराला शिवतात. जोड्याच्या काठातून ओवलेली नाडी टाक्यात अडकली तर ती पुढे ओढता येत नाही, म्हणून सुई तिच्या खालून चालवावी लागते. टाचेपाशी बहुधा एक लवचिक पट्टीही लावतात. फिती घोट्याभोवती फिरवून गाठ घोट्याच्या आतल्या बाजूच्या खळगीत बांधून टोके खाली खोचली जातात. ही गाठ टाचेमागच्या मोठ्या कंडरेवर आली तर ती दाबली जाऊन दुखू लागते. अनेक नर्तकी प्लॅटफॉर्मच्या कडेने जाड धागा भरतात किंवा टोकावरचे निसरडे साटीन कापून टाकतात. त्यामुळे पकड वाढते आणि टोक लवकर फाटत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष रुळवणे सुरू होते. नवी कोल्हापुरी चप्पल चावते तेव्हा तिला तेल लावून सगळीकडून मऊ केले जाते; पॉइंट शूजच्या बाबतीत नेमके हेच टाळायचे असते. जोड्यात वाकायला हव्यात अशा जागा तीनच आहेत. पहिली चवड्याखालची. टाच उचलून चवड्यावर उभे राहण्याच्या अवस्थेला ‘डेमी-पॉइंट’ म्हणतात, आणि सपाट पावलापासून टोकापर्यंत जाताना व परत उतरताना पाऊल या अवस्थेतून जात असल्यामुळे तळ तिथे सहज दुमडला पाहिजे. दुसरी जागा कमानीची. शँक पावलाच्या कमानीचा जो सर्वोच्च बिंदू, त्याच्याशी जुळेल अशा ठिकाणी वळला पाहिजे, आणि हे ठिकाण सामान्यतः तळाच्या मध्यापेक्षा टाचेच्या बाजूला असते. शँक मध्येच किंवा पुढे मोडला तर तो कमानीपासून सुटतो आणि नर्तकीला टेकू मिळत नाही. तिसरी जागा बॉक्सच्या बाजूंची, जिथे अंगठ्याचे आणि करंगळीचे सांधे रुंद होतात. तिथे विंग्ज थोड्या सैल झाल्या की बाजूंचा जाच कमी होतो. प्लॅटफॉर्म आणि त्यालगतचा बॉक्सचा भाग मात्र कोणत्याही परिस्थितीत मऊ करायचा नसतो.

शिकाऊ मुलीसाठी यातली बरीच कामे हाताने आणि पावलानेच करणे इष्ट असते. बॉक्सचा वरचा भाग तळहाताने हलकेच दाबून किंचित चपटा करता येतो, तळ चवड्याच्या ठिकाणी दोन्ही हातांनी हळूहळू मागेपुढे वाकवता येतो, आणि शरीराच्या उबेने खळ नरम पडते म्हणून स्वच्छ, कोरड्या फरशीवर किंवा सतरंजीवर जोडा घालून थोडा वेळ डेमी-पॉइंटवर चालल्यास तो पावलाचा आकार घेऊ लागतो. ही रीत सावकाश असते, परंतु तिच्यातून जोडा नेमका त्या मुलीचे पाऊल वाकते तिथेच वाकतो, आणि जोड्याच्या प्रतिकाराशी झगडताना तिच्या पावलातील लहान स्नायूंनाही व्यायाम घडतो. घरी एकटीने आधाराशिवाय पॉइंटवर उभे राहणे मात्र या सरावात येत नाही.

व्यावसायिक नर्तकींच्या पद्धती यापेक्षा पुष्कळ आक्रमक असतात. त्या शँक कापून आखूड करतात, तळावर सुरीने चिरा पाडून तो खरखरीत करतात, आतला खिळा उपटतात, टोक भिंतीवर किंवा दगडी पायरीवर आपटून त्याचा आवाज कमी करतात, बॉक्सच्या कडांवर थोडे पाणी लावून त्या मऊ करतात, आणि जिथे आधार टिकवायचा तिथे आत लाख किंवा झटपट चिकटणारा सरस ओततात. नाट्यगृहात नुसत्या पदन्यासाचा टकटक आवाज संगीतावर मात करू शकतो, त्यामुळे आपटण्याची क्रिया वाटते तितकी अनाकलनीय नाही. या नर्तकींना त्याच संध्याकाळच्या प्रयोगासाठी जोडा तयार हवा असतो, वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आपल्या पावलाला काय हवे ते त्यांना ठाऊक असते, आणि एका मोठ्या प्रयोगानंतर तो जोडा टाकून द्यावा लागला तरी संस्थेकडे दुसरे तयार असतात. नवशिक्या मुलीने दाराच्या फटीत जोडा दाबून मोडला, तर तिच्या हाती राहतो तो आधार गमावलेला नवा जोडा.

काही नर्तकींसाठी या तयारीत रंगकामाचाही समावेश असे. पॉइंट शूजचा रूढ गुलाबी रंग गोऱ्या कातडीशी जुळणारा होता, आणि पायापासून टोकापर्यंत एक अखंड रेषा दिसावी हा त्यामागचा हेतू होता. ती रेषा कृष्णवर्णीय नर्तकींच्या बाबतीत तुटत असे, म्हणून १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या संस्थेतील नर्तकी आपल्या वर्णाप्रमाणे जोडे रंगवू लागल्या. लंडनच्या बॅले ब्लॅक या संस्थेच्या सहकार्याने फ्रीडने तपकिरी छटांचे जोडे तयार स्वरूपात विक्रीला आणले ते २०१८ मध्ये.

कृत्रिम बहुवारिकांचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या लवचिक द्रव्यांचा, शँक आणि बॉक्स वापरणारे जोडे १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या गेनॉर मिंडन या उत्पादकाने बाजारात आणले. घामाने ते नरम पडत नाहीत आणि त्यांना पारंपरिक अर्थाने रुळवावेही लागत नाही. तरीही पाऊल ज्या गतीने घडते ती गती नव्या द्रव्याने बदलत नाही.

चालणे

रुळवण्याची खरी परीक्षा चालण्यात होते. पॉइंट शूजचा बाहेरचा तळ पावलापेक्षा अरुंद असतो आणि त्याच्या पुढच्या कडेला चुण्यांची जाडी असते, त्यामुळे सपाट उभे राहतानाही पाऊल एका अरुंद पट्टीवर तोललेले असते. अशा जोड्यात नेहमीप्रमाणे टाच आधी टेकवून चालले तर पाऊल थाडकन आपटते. म्हणून नर्तकीला पहिल्यांदा शिकवले जाते ते टाच शेवटी टेकवणे. पाय पुढे जाताना बोटांचे टोक जमिनीला लागते, मग चवडा, आणि सर्वांत शेवटी टाच अलगद उतरते. सपाट चालीनंतर डेमी-पॉइंटवरची चाल येते, आणि तिच्यात टाच उंच, गुडघे सरळ व घोटे स्थिर ठेवावे लागतात.

पॉइंटवर चढणे भिंतीला बसवलेल्या दांड्याला, म्हणजे ‘बार’ला, दोन्ही हातांनी धरून शिकवले जाते. प्रारंभी हा सराव वर्गाच्या शेवटी, स्नायू तापलेले असताना, दहा-पंधरा मिनिटांपुरताच असतो. दोन्ही पावले सपाट ठेवून मुलगी चवड्यावर येते, तेथून तीन-चतुर्थांश उंचीवर आणि मग टोकावर. त्याच क्रमाने उलट ती सावकाश उतरते. उतरणे चढण्यापेक्षा कठीण असते, कारण त्यात स्नायूंना लांबत असतानाच भार रोखून धरावा लागतो, आणि जोड्याचा तळ चवड्याखाली नीट वळत नसेल तर ते तत्काळ उघडकीस येते. जोडा चुकीच्या जागी वाकत असेल तर मुलगी मधली पायरी वगळून एकदम खाली येते.

टोकावर जाण्याच्या दोन परंपरा आहेत. एकीत पाऊल जमिनीवरून सलगपणे गुंडाळत वर नेले जाते. दुसरीत प्लिएमधून हलकी उसळी घेऊन बोटे शरीराच्या खाली ओढून घेतली जातात. रशियन अध्यापनपद्धतीची शिल्पकार आग्रिपिना वागानोवा (१८७९–१९५१) हिने दुसऱ्या, मूळच्या इटालियन, रीतीला पसंती दिली. पहिल्या रीतीसाठी तळ अधिक लवचिक लागतो, दुसरीला अधिक ताठ शँक चालतो, आणि म्हणून कोणत्या पद्धतीचे शिक्षण चालू आहे यावरही जोड्याची निवड अवलंबून असते.

दोन्ही पायांवर स्थैर्य आल्यावर बारशीच एक पाय पॉइंटवर ठेवून दुसरा डेमी-पॉइंटवर आणण्याची आलटूनपालटून हालचाल शिकवली जाते, आणि तिच्यातून पॉइंटवरची चाल आकार घेते. पावले जवळ ठेवून अतिशय लहान, जलद पावलांनी सरकत जाण्याच्या क्रियेला ‘बुरे’ म्हणतात. मिखाईल फोकीन याने पावलोवासाठी रचलेल्या ‘द डाइंग स्वान’ या एकल नृत्याचा बहुतांश भाग याच पावलांचा आहे, यावरून चालण्यासारखी साधी क्रिया या कलेत कोणत्या उंचीला पोहोचते ते ध्यानात येते. या टप्प्यावर दोष लवकर दिसतात. घोटा आत किंवा बाहेर कलंडणे, बॉक्समध्ये बोटे मुडपणे, गुडघा वाकलेला राहणे आणि कटी मागे रेलणे हे त्यांतले मुख्य होत. शिक्षक वारंवार सांगतात की भार जोड्यात सोडू नये, शरीर जोड्यातून वर ओढून धरावे. भाररेषा आणि स्नायूंचा ताण यांच्या दृष्टीने तो उपदेश अक्षरशः खरा आहे.

स्नायूंचा थकवा, सुरुवातीचे फोड आणि बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे यांचा अनुभव बहुतेकींना येतो. नखे आखूड व सरळ कापणे, घर्षणाच्या जागी चिकटपट्टी लावणे हे त्यावरचे साधे उपाय. परंतु घोट्याच्या मागे टोचणारी वेदना, बोटांना येणारी बधिरता किंवा एकाच हाडावर नेमके दुखणे ही लक्षणे सवयीने जाणारी नव्हेत, आणि ती दिसताच पॉइंट थांबवून वैद्यकीय सल्ला घेतला पाहिजे.

जोड्याची अखेर

खळीने घट्ट झालेला जोडा घामाने आणि उष्णतेने पुन्हा नरम होतो. बॉक्स मऊ पडून पाऊल प्लॅटफॉर्मच्या पुढे कलू लागते, शँक कमानीला चिकटून राहत नाही, आणि बोटांना जमीन अधिक जोरात लागू लागते. अशा जोड्याला नर्तकी ‘मेलेला’ म्हणतात. शिकाऊ मुलीचा जोडा काही महिने चालू शकतो, तर मोठ्या बॅले संस्थांना वर्षाकाठी हजारो जोडे लागतात.

मुंबईत जोडा नरम पडण्याचा हा प्रश्न अधिक तीव्र होतो. या शहरात बॅलेचे पद्धतशीर शिक्षण नवे नाही. तुषना डल्लस यांनी १९६६ मध्ये येथे बॅलेचे विद्यालय सुरू केले, आणि मुंबईच्या वस्त्यांतून आलेल्या दोन तरुण नर्तकांच्या वाटचालीवर बेतलेल्या ‘ये बॅले’ या २०२० च्या चित्रपटामुळे हा विषय सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. पण समुद्रकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, खळीचा बॉक्स लवकर वाळत नाही. जोडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवले तर ते आतूनच सडतात. आतल्या गाद्या बाहेर काढून, जोडे जाळीच्या पिशवीत, पंख्याखाली आणि उन्हापासून दूर वाळवणे, आणि शक्य असल्यास दोन जोडे आलटूनपालटून वापरून प्रत्येकाला किमान एक पूर्ण दिवस विश्रांती देणे, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

पालकांच्या दृष्टीने जोड्याची किंमत आणि त्याचे अल्प आयुष्य यांचा मेळ बसत नाही, आणि त्यामुळे मेलेला जोडा आणखी एक महिना चालवण्याचा किंवा मोठ्या मुलीचा रुळलेला जोडा धाकटीला देण्याचा मोह होतो. दोन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण पहिल्यात आधार उरलेला नसतो आणि दुसऱ्यात तो परक्या पावलाच्या आकाराने वाकलेला असतो. मुलीच्या हट्टाखातर किंवा मैत्रिणींनी सुरू केले म्हणून पॉइंट सुरू करू नये. शिक्षकाने पावलांची ताकद पाहून होकार द्यावा, पहिला जोडा त्याच्या देखरेखीखाली निवडावा, तो पावलानेच रुळू द्यावा, आणि आधार संपताच तो बिनदिक्कत टाकून द्यावा.